सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या वाचनालयाच्या जुन्या वेबसाइटचा पत्ता आज टाकला तर ऑनलाइन रमीची जाहिरात उघडते. हिरवं मैदान, सोन्याची नाणी आणि खाली 'आता खेळा' असं ठळक बटण. हे आम्हाला कळलं ते उशिरा आणि भलत्याच वाटेने. शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर कुणीतरी जुन्या लेटरहेडवरून तो पत्ता जसाच्या तसा उतरवला. पत्रिका छापून आल्या, निम्म्या वाटूनही झाल्या. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा कार्यवाहांना फोन : "वाचनालयाने पत्त्यांचा क्लब केव्हापासून काढला हो?"

उरलेल्या पत्रिकांवर पांढरे स्टिकर चिकटवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. रविवारी कार्यकारिणीची तातडीची सभा बसली. चौकशीत जे निघालं ते अनेक संस्थांच्या ओळखीचं असेल. २०१२ साली एका सभासदाच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने हौसेने, एक पैसा न घेता ती वेबसाइट बांधली होती. पत्ता त्याने स्वतःच्या नावावर, कॉलेजच्या ईमेलवरून आणि वडिलांच्या कार्डावर घेतला. पुढे तो नोकरीला परदेशी गेला, कॉलेजचा ईमेल बंद पडला आणि नूतनीकरणाच्या सूचना कुणीच न उघडणाऱ्या पेटीत पडत राहिल्या. त्याला दोष देता येत नाही. आठ वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्याला साधा प्रश्न विचारला नव्हता.

वेबसाइटचं नाव कधीच विकत मिळत नाही, ते वर्षाच्या बोलीवर भाड्याने मिळतं. एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. मुदत संपल्यावर थोडे दिवस उशिराचे पैसे भरून ते सोडवता येतं, नंतर ते खुल्या बाजारात येतं. जुनं, शोधयंत्रांच्या ओळखीचं, चार ठिकाणांहून दुवे दिलेलं नाव जाहिरातवाल्यांना आयतंच हवं असतं. वाचनालयाची दशकभराची अब्रू त्यांना काही शे रुपयांत मिळाली.

आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "म्हणजे सातबारा कुणाच्या नावावर आहे ते न बघता आपण घर बांधलं."

नवीन वेबसाइट करायची हे ठरायला पाच मिनिटं लागली. ती कशात करायची, यावर मात्र दोन वेळा चहा झाला. एकाने विक्सचं नाव काढलं, एकाने वर्डप्रेसचं. तिसऱ्यांचं म्हणणं, फेसबुकचं पान आहे ना, मग हा खर्च कशाला? शेवटी "तुम्ही लेखक आहात, तुम्हीच अभ्यास करून सांगा" या न्यायाने काम माझ्या गळ्यात पडलं. इतिवृत्तात नोंद झाली : 'संकेतस्थळाच्या सॉफ्टवेअरबाबत अहवाल सादर करणे.' तो अहवाल दीड पानाचा झाला. त्यात न मावलेलं हे बाकीचं.

*

अभ्यासाला लागलो आणि कळलं की २०१२ च्याही आधी आमची एक वेबसाइट होती, २००३ सालची. तिचा पत्ता एका जुन्या वार्षिक अहवालाच्या मलपृष्ठावर सापडला. इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबपानांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या कुणालाही पाहू देते. तिथे पत्ता टाकला आणि आमचं पान उघडलं. दगडी इमारतीचा फोटो आणि खाली मजकूर. पण मजकूर म्हणजे रोमन अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा आणि डॉलर यांची भेळ.

त्या काळातल्या बहुतेक मराठी पानांची आज हीच दशा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती घरच्या संगणकावर उमटायला बरीच वर्षं गेली. विंडोज एक्सपीत तर सीडी घालून आपल्यासारख्या लिप्यांची सोय आधी चालू करून घ्यावी लागे. म्हणून लोक सोपी युक्ती करत : संगणकाला वाटायचं हे इंग्रजी आहे आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांना मराठीचा अंगरखा घालायचा. 'हा फॉन्ट उतरवून घ्या' अशी पट्टी त्या वेळी वर्तमानपत्रांच्याही वेबसाइटवर असे. प्रत्येक फॉन्टचा संकेत वेगळा. फॉन्ट गेला की अंगरखा गेला.

सुदैवाने तो फॉन्ट एका छापखान्यातल्या जुन्या संगणकावर मिळाला. मजकूर युनिकोडमध्ये आणताना सगळ्यात जास्त त्रास ऱ्हस्व वेलांटीने दिला. जुन्या फॉन्टांत ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे 'दिवाळी'ची पहिली वेलांटी आधीच्या शब्दाला जाऊन चिकटे. तीन रात्री बसून २००३ ची ग्रंथदात्यांची यादी सोडवली. संस्थेच्या दप्तरातून ती केव्हाच गहाळ झाली होती.

ते पान फ्रंटपेजमध्ये बनवलं होतं. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या सुरुवातीला हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि २००६ मध्ये ते बंद केलं. तेव्हाची फुकट जागाही अशीच गेली. जिओसिटीज हे अशा जागांचं सगळ्यात मोठं गाव, १९९४ मध्ये वसलेलं. याहूने १९९९ मध्ये अब्जावधी डॉलर मोजून ते घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपानचा पाडा तेवढा ठेवून बाकी गाव उठवलं. लाखो घरगुती पानं त्यात होती. हौशी माणसांनी धावपळ करून जमतील तेवढी वाचवली.

हे जुनं झालं म्हणावं, तर गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद केली की एका पानाची वेबसाइट फुकट बनवून मिळत असे. आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टरांनी, केटरर्सनी, खानावळींनी ती घेतली होती. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सोय बंद केली. काही महिने जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नकाशावरच्या नोंदीकडे वळवलं, नंतर तेही थांबवलं. ज्यांनी तो पत्ता पाटीवर रंगवून घेतला होता त्यांनी पाटी पुन्हा रंगवली.

इथवर आल्यावर माझा प्रश्न बदलला. 'कशात बांधणं सोपं?' याचं उत्तर हल्ली कुठल्याही जाहिरातीत मिळतं. मला विचारायचं होतं : उद्या उठून जावं लागलं तर सामान बरोबर नेता येईल का?

*

या प्रश्नाने बाजाराचे सरळ दोन भाग पडतात. पहिला भाग सजवलेल्या भाड्याच्या खोल्यांचा : विक्स, स्क्वेअरस्पेस, चेन्नईच्या झोहोचं साइट्स, गुगल साइट्स. पलंग, पंखा, पडदे आयते. चित्र उचला, ओढा, ठेवा. सुरक्षितता, दुरुस्ती, बॅकअप ही मालकाची कामं. विक्स २००६ मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालं आणि ज्याला संगणकाचं काहीच येत नाही त्यालाही तासाभरात देखणं पान उभं करता येतं, हे त्याचं कर्तृत्व निर्विवाद आहे. पण तिथे बांधलेली वेबसाइट उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही. हे त्यांच्याच मदतपानावर स्पष्ट लिहिलेलं आहे, बांधून झाल्यावर वाचलं जातं इतकंच. स्क्वेअरस्पेस काही मजकूर बाहेर काढू देतं, सगळा नाही.

म्हणून भाड्याची खोली वाईट असं होत नाही. माझ्या मावसभावाची देवगडजवळ हापूसची बाग आहे. त्याचा सगळा खेळ मार्च ते मे. त्याला पेट्यांचे भाव, पैसे भरायचा क्यूआर कोड आणि व्हॉट्सॲपचं बटण हवं असतं. पुढच्या वर्षी पान नव्याने केलं तरी त्याचं काही बुडत नाही. त्याने सॉफ्टवेअरची ठोकाठोक करत बसण्यापेक्षा झाडावर लक्ष द्यावं. दुकानासाठी म्हणून जी तयार व्यवस्था सर्वांत गाजली, ती शॉपिफाय, तिचा जन्मही असाच. टोबियस ल्यूटके यांना कॅनडात बर्फावरच्या घसरपाट्या विकायच्या होत्या, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून स्वतः लिहिलं. पाट्या मागे पडल्या आणि २००६ मध्ये ते सॉफ्टवेअरच धंदा झालं.

वाचनालयाचं तसं नाही. १२५ वर्षांचं दप्तर तीन महिन्यांच्या हंगामासाठी नसतं.

*

बाजाराचा दुसरा भाग स्वतःच्या घरांचा. सॉफ्टवेअर फुकट, नकाशा सगळ्यांना खुला, जागा मात्र आपण होस्टिंगवाल्याकडून घ्यायची आणि गळती आपणच काढायची. इथली तीन मोठी नावं वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला. तिघांच्या जन्मकथा वाचताना मी सॉफ्टवेअर विसरलो.

वर्डप्रेसच्या आधी बी-टू नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणारा फ्रेंच तरुण मिशेल वाल्द्रीगी अचानक दिसेनासा झाला, सुधारणा थांबल्या. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या एकोणीस वर्षांच्या मॅट मलेनवेगने लिहिलं की हे सॉफ्टवेअर पोरकं झालंय, पण त्याचा परवाना कुणालाही ते पुढे नेऊ देतो. इंग्लंडमधून माइक लिटलने कळवलं, मी येतो. दोघांनी मूळ सॉफ्टवेअर घेऊन वेगळी चूल मांडली आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. त्याच महिन्याच्या एक तारखेला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला होता. पुढच्याच वर्षी त्या काळातल्या मूव्हेबल टाइप या लोकप्रिय सॉफ्टवेअरने परवान्याचे नियम आणि दर बदलले आणि लोक बिऱ्हाड उचलून वर्डप्रेसकडे आले. आज जगातल्या दर दहा वेबसाइटांपैकी चारांहून अधिक त्यावर चालतात.

जूमलाचंही तेच. मँबो नावाच्या सॉफ्टवेअरचे कर्तेधर्ते २००५ मध्ये मालक कंपनीशी न पटल्याने एकगठ्ठा बाहेर पडले, सॉफ्टवेअरची प्रत सोबत घेऊन. नव्या चुलीला नाव दिलं जूमला. स्वाहिली भाषेत 'जुमला' म्हणजे सगळे मिळून. मूळ शब्द अरबी, आपल्या जुन्या हिशेबांतही एकूण बेरजेला जुमलाच म्हणत. ड्रुपलचे द्रीस बाउटार्ट बेल्जियमचे. त्यांना पत्त्यासाठी डच भाषेतला 'डोर्प' म्हणजे गाव हा शब्द हवा होता, टाइप झालं 'ड्रॉप', म्हणजे थेंब. मग थेंबाच्याच डच शब्दावरून २००१ मध्ये सॉफ्टवेअरचं बारसं झालं. मायबोली किंवा मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवरच्या जुन्या लेखाचा पत्ता नीट पाहिलात तर मध्ये 'नोड' असा शब्द दिसेल. ती ड्रुपलची खूण.

या घरांत भांडणं नाहीत असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही मोठी होस्टिंग कंपनी यांच्यात जाहीर खडाजंगी झाली, पुढच्याच महिन्यात प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. खजिनदारांनी बातमीचं कात्रण माझ्यापुढे ठेवलं. "मग हेही घर भरवशाचं नाही?" मी म्हटलं, "काका, भाऊबंदकी आहे. पण इथे वाटणी मागता येते. भाड्याच्या खोलीत ती सोय नाही."

आणखी एक गोष्ट कार्यकारिणीला आवडली. वर्डप्रेसला रूप देणारा ॲस्ट्रा नावाचा साचा जगभर दहा लाखांहून अधिक वेबसाइटांवर बसवलेला आहे आणि तो पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीचा आहे. "पुण्याचा म्हणजे सूचना भरपूर असणार," असं कुणीतरी म्हणालंच.

*

कागदावरच्या तुलनेने निकाल लागेना, तेव्हा परीक्षा घ्यायची ठरली. उमेदवार तीन : एक भाड्याची खोली, एक वर्डप्रेस, आणि एक ह्यूगो. ह्यूगो हा तिसराच प्रकार. त्यात डेटाबेस नाही, मागे काही चालू नाही. साध्या मजकुराच्या फायली द्यायच्या, तो त्यांची पानं करून देतो आणि ती कुठेही ठेवता येतात. फोडायला दारच नाही म्हणून चोरीची भीती नगण्य. मला स्वतःला तोच आवडला होता.

परीक्षक मी नव्हे, आमच्या ग्रंथपाल मॅडम. बावीस वर्षं त्या टेबलाशी आहेत आणि वेबसाइट उद्या त्यांनाच चालवायची आहे. प्रश्नपत्रिका त्यांनीच काढली. संस्थापकांचा फोटो ओळींसह लावणे. व्याख्यानमालेचं सात दिवसांचं वेळापत्रक तक्त्यात देणे. आणि तिसरा प्रश्न : संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, वक्त्यांची गाडी घाटात अडकलीय, व्याख्यान तासभर पुढे गेलंय, ही सूचना फोनवरून पहिल्या पानावर लावणे.

ह्यूगो तिसऱ्या प्रश्नाला गारद झाला. फाइल बदला, पुन्हा पानं तयार करा, वर चढवा. मॅडमनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "सर, तोवर व्याख्यान संपेल." भाड्याच्या खोलीत सूचना चाळीस सेकंदांत लागली. वर्डप्रेसमध्ये सव्वा मिनिट.

देवनागरीने मात्र दोघांचाही घाम काढला. भाड्याच्या खोलीत आमच्या साच्याच्या शीर्षकांचा फॉन्ट फक्त रोमन होता. मराठी टाकलं की फोनवर एक रूप, संगणकावर दुसरं. वर्डप्रेसमध्ये वेगळीच गंमत. त्यात लेखाच्या शीर्षकावरून पत्ता आपोआप बनतो. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात जाताना नऊ रोमन चिन्हांचं होतं, म्हणजे 'दिवाळी' या एवढ्याशा शब्दाची चोपन्न. आणि पत्त्याच्या त्या भागाला मर्यादा दोनशेची. आम्ही शीर्षक दिलं 'शतकोत्तर रौप्यमहोत्सवी व्याख्यानमाला'. पत्ता झाला 'शतकोत्तर-रौप्यमहोत्सवी-व'. व्याख्यानमालेचा नुसता 'व' उरला, तोही बरोबर दोनशेव्या चिन्हावर. व्हॉट्सॲपवर पाठवला तर टक्क्याच्या खुणांची चार ओळींची माळ. उपाय सोपा निघाला : पत्त्याच्या चौकटीत हाताने छोटं रोमन नाव लिहायचं. मॅडमनी तो नियम कागदावर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवला.

दुसरी गंमत आमच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी पकडली. पानाकडे बघून ते म्हणाले, "हा ल आपला नाही. शसुद्धा नाही." खरंच, दोन्ही हिंदी वळणाचे होते. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श अनेक चांगल्या फॉन्टांच्या पोटात असतो, पण पान मराठी आहे असं सांगितलं तरच तो बाहेर येतो. वर्डप्रेसमध्ये वेबसाइटची भाषा मराठी केली आणि पान ताजं केल्याबरोबर ल वळला. पण त्यासरशी मॅडमच्या पडद्यावरची सगळी बटणंही मराठी झाली आणि त्या वैतागल्या. "मला सेटिंग्ज म्हणजे सेटिंग्जच दिसू दे." तीही सोय आहे : वेबसाइटची भाषा मराठी, काम करणाऱ्याच्या पडद्याची इंग्रजी. शोधून सापडली तेव्हा मला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटलं.

पुस्तकांची यादी कुठे टाकायची, हा प्रश्न उरला. ती वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंबू नये, हे मला इथेच शिकायला मिळालं. ग्रंथालयांसाठी कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ जिल्ह्यातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० च्या तारखा ओळखणार नव्हतं, म्हणून त्यांनी नवं लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये चालू केलं आणि जगाला देऊन टाकलं. कोहा हा माओरी शब्द, घेतलं की पुढे परत करायचं असतं अशा भेटीचा. त्याला मराठीत आहेरच म्हणावं लागेल.

*

वर्डप्रेस ठरलं. बिनविरोध नाही, एकाने अखेरपर्यंत फेसबुकचा आग्रह धरला. निर्णय झाला तो मुख्यतः एका प्रात्यक्षिकामुळे. सभेतच मी वर्डप्रेसमधून सगळा मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढला, फोटोंचं फोल्डर वेगळं उतरवलं, दोन्ही दुसऱ्या संगणकावरच्या कोऱ्या वर्डप्रेसमध्ये चढवली आणि आमची वेबसाइट तिथे पुन्हा उभी केली. साचा विस्कटला होता, अक्षर न अक्षर आलं होतं. खजिनदार खुर्ची ओढून जवळ आले. त्यांनी यादीतलं ग्रंथदात्यांचं पान उघडायला सांगितलं आणि एका नावावर बोट ठेवलं. त्यांचे वडील.

घर आपलं म्हटल्यावर गळतीही आपली. वर्डप्रेसमध्ये चोर बहुधा मुख्य दारातून येत नाही, जोडलेल्या प्लगइनच्या खिडकीतून येतो. पन्नास हजारांवर प्लगइन उपलब्ध आहेत, आम्ही सहावर थांबलो. अपडेट दर सोमवारी, वाचनालय बंद असतं तेव्हा. होस्टिंगवाल्याने पहिल्या वर्षाला मोठी सवलत देऊ केली. खजिनदारांनी दुसऱ्या वर्षाचा दर विचारला. तो अडीचपट निघाला, म्हणून तीन वर्षांचे पैसे एकदम भरले.

पत्ता नवा घेतला, डॉट इन. 'डॉट भारत' हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो आणि मराठीत चालतो, तोही सोबत घेऊन पहिल्याला जोडला. नोंद न्यासाच्या नावावर, ईमेल संस्थेचा, मुदत दहा वर्षं.

मग खजिनदारांनी जडसंग्रह नोंदवही मागवली. कपाटं, पंखे, खुर्च्या, भिंतीवरची घड्याळं जिच्यात क्रमांकाने लिहिलेली असतात ती. मॅडम म्हणाल्या, "काका, हे जड कुठे आहे?" ते म्हणाले, "आधी हातातून गेलं ना, म्हणून लिहायचं." पाण्याच्या टाकीच्या खालच्या ओळीत वेबसाइटचा पत्ता लिहिला गेला, पुढे मुदत संपण्याची तारीख, लाल शाईत.

यंदा खंडेनवमीला बाइंडिंगची सुई, दाभण आणि शिक्के पाटावर मांडले, शेजारी एक पेनड्राइव्ह होता. त्यात त्या दिवशी सकाळी उतरवलेली सगळी वेबसाइट होती. मॅडमनी त्यालाही हळदकुंकू लावलं, झाकणावरच, आणि मग तो उचलून दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटात ठेवला.